पांढरं कव्हर, पिवळी वायर

त्या गाडीच्या पट्ट्याचं काम मी चोख केलं होतं. हे मी आजही छाती ठोकून सांगतो, आणि सांगताना माझंच तोंड कडू होतं. काम कच्चं राहिलं असतं, तर स्वतःला चार शिव्या घालून मोकळा तरी झालो असतो. माझ्या नशिबात तेवढीही सोय नव्हती.

सिल्वासात मला आणलं ते माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे दाजींनी. ऐंशीनंतर तिथे कारखाने कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवत होते. आमच्या धुळ्याकडची निम्मी तरणी पोरं तिकडे पळाली, त्यांच्या आधी दाजी गेले होते. तिथून जवळ खडोलीत धाग्याचा एक कारखाना होता, त्याच्या शेठच्या गाडीवर ते ड्रायव्हर होते. कारखान्याच्या आवारातच खोली मिळाली होती, दाराशी नळ होता, ताईने तुळस लावली होती. मी सिल्वासातल्याच आमलीत ट्रक-टेम्पोच्या वायरिंगचं काम शिकलो, मध्ये काही वर्षं मस्कतच्या एका गॅरेजात राबलो, आणि परत येऊन आमलीतच दुकान टाकलं. बॅटरी, डायनामो, सेल्फ, हॉर्न. हात कायम काळे.

दाजींचं सगळं पांढरं. शेठला ड्रायव्हर पांढऱ्या गणवेशात लागायचा आणि गाडीच्या सीटांना पांढरी कव्हरं लागायची, सरकारी साहेबांच्या गाड्यांना असतात तशी टॉवेलच्या कापडाची. दर आठवड्याला ताई ती कव्हरं धुवायची, खळ आणि नीळ घालायची, आणि सोमवारी सकाळी दाजी ती पुन्हा सीटांवर चढवून खालून नाड्या बांधायचे. माझे हात बघून म्हणायचे, हे काळं आणि मी पांढरा, एका पंगतीत बसलो तर ताई आधी कुणाला वाढेल? बुटका, नेटका माणूस. रस्त्यात कोंबडी आडवी आली तरी हॉर्न न वाजवता थांबायचा. मला असली माणसं बघून राग यायचा, कारण जग त्यांच्याच डोक्यावर मिरे वाटतं.

नव्वदीच्या मध्याला शेठने परदेशी बनावटीची गाडी घेतली. तिच्या पुढच्या सीटांना जे पट्टे होते, त्यांना आम्ही गॅरेजवाले बारूदवाले पट्टे म्हणायचो. सीटच्या बाजूला, पट्टा जिथे खटकन अडकतो तिथे, एक बोटभर नळकांडं असतं. गाडी जोरात आदळली की सीटखालच्या पिवळ्या वायरीतून करंट जातो, नळकांड्यातला बारूद उडतो आणि पट्टा डोळ्याचं पातं लवायच्या आत माणसाला सीटला आवळून धरतो. त्या गाडीत पुढे फुगा, म्हणजे एअरबॅग, नव्हता. तो वेगळा मागवावा लागे, आणि शेठला लाकडी डॅशबोर्ड जास्त गरजेचा वाटला होता. म्हणजे स्टिअरिंगवर आपटण्यापासून ड्रायव्हरला वाचवणारं जे काही होतं, ते त्या पट्ट्यातच होतं.

एके दिवशी दाजी दुकानात आले ते उतरलेल्या चेहऱ्याने. गाडीत समोर एक लाल दिवा लागत होता, पट्टा बांधून बसलेल्या छोट्या माणसाचं चित्र असलेला. कधी लागायचा, कधी आपोआप जायचा. शेठने मॅनेजरला झापलं, मॅनेजरने दाजींना. नव्या गाडीत ड्रायव्हरने काहीतरी गडबड केली, असं ठरून गेलं होतं. सुरतेहून मशीनवाले पाहुणे यायचे होते, त्यांच्यासमोर दिवा दिसता कामा नये. दिवा गेला नाही तर ड्रायव्हर बदलू, असं मॅनेजर बोलला होता. ड्रायव्हर गेला की खोली गेली, नळ गेला, तुळस गेली. गाडी मुंबईला कंपनीच्या वर्कशॉपात पाठवायची शेठची तयारी नव्हती. तितके दिवस ते फिरणार कशात?

मी पिशवी घेऊन खडोलीला गेलो. पोर्चमध्ये गाडी उभी होती आणि कारखान्याचा वायरमन टेस्ट लॅम्प घेऊन सीटखाली डोकं घालायच्या बेतात होता. टेस्ट लॅम्प म्हणजे एक बल्ब, एक चिमटा आणि एक टोकदार सळई. ट्रकच्या वायरिंगमध्ये आम्ही सगळे तेच वापरायचो, कुठल्याही वायरीला टोचायचं आणि बल्ब लागतो का बघायचं. पण बल्बमधून जेवढा करंट जातो तेवढा त्या बारुदाला पुरतो. मस्कतला एका पाकिस्तानी कारागिराच्या हातात बाकड्यावर तो उडालेला मी पाहिला होता. त्याच्या कानात पुढे कितीतरी दिवस शिट्टी वाजत होती. मी त्या वायरमनला कॉलर धरून बाहेर ओढलं. तो चिडला, मॅनेजर चिडला, मग मी सगळ्यांपेक्षा जास्त चिडलो आणि बॅटरीची वायर काढून बाजूला जाऊन चहा प्यायलो. कंट्रोल पेटीत साठलेला करंट उतरेपर्यंत थांबावंच लागतं. मॅनेजरला वाटलं मी रुसलो.

पहिला संशय पाण्याचा. सीटखालचा गालिचा चाचपला, कोरडा होता. मग पिवळ्या वायरीचा जोड सोडवला आणि नळकांड्याच्या जागी गाडीकडच्या टोकाला एक छोटा रेझिस्टर लावला. करंटला तो नळकांड्याइतकंच अडवतो, त्यामुळे गाडीला वाटतं नळकांडं जागेवर आहे. दिवा गेला तर दोष नळकांड्यात, नाही गेला तर वायरीत. बॅटरी जोडली, चावी फिरवली, दिवा गेला. मॅनेजर म्हणाला, हो गया, अब इसको अंदर ही छोड दो. बऱ्याच ठिकाणी हेच चालायचं. दिवा विझवायचा आणि पट्टा मेला तरी कुणाला कळणार आहे! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्याला म्हणालो, या सीटवर तुम्ही बसता का?

आणि दोष नळकांड्यात नव्हताच. नवं कोरं नळकांडं मधूनच बिघडून मधूनच सुधारत नाही. मी दाजींना सीट पुढेमागे करायला सांगितलं. पुढे होती तोवर दिवा गप्प होता, पार मागे नेली आणि लागला. म्हणजे रेझिस्टर लावूनही गाडीकडची वायर कुठेतरी ओढली जात होती. आठवडाभर दाजी सीट पुढे घेऊन चालवायचे, रविवारी शेठचा उंच मुलगा ती मागे ढकलायचा. पुन्हा बॅटरी काढली, पुन्हा थांबलो, मग टॉर्च घेऊन सीटखाली आडवा झालो.

कव्हराची नाडी होती. सीटखालून घट्ट बांधायला भक्कम काही सापडेना, तेव्हा बांधणाऱ्याने ती लोखंडी पट्टी आणि पिवळी वायर एकत्र धरून बांधली होती. सीट मागे गेली की नाडी वायरीला ओढायची, आणि जोडाच्या आतली एक पिन तिच्या खोबणीतून मागे सरकली होती. गाठ मी लगेच ओळखली. बैलाच्या दाव्याला मारतात ती गाठ, आमच्या गावाकडची. मी मान वर केली तर दाजी माझ्याकडे बघत होते. त्यांनाही ती कळली होती.

मी पिन काढली, तिची जीभ सरळ केली, खोबणीत टकन बसेपर्यंत ढकलली. वायरीला ढील दिली आणि नाडी पोहोचणार नाही अशी तिला पट्टीच्या पलीकडे क्लिपमध्ये बसवली. नळकांड्याचा जोड पुन्हा लावला. सीट पुढे, सीट मागे, मुलगा बसतो तितकी मागे. दिवा लागला नाही. शेठ आले तेव्हा मी त्यांना कुणाचं नाव न घेता सांगितलं की पुढच्या सीटांना खालून नाड्या बांधू नयेत, किंबहुना या गाडीला पुढे कव्हरच नको. ते हसले. "कव्हर तो रहेगा," म्हणाले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. दाजींची नोकरी राहिली. ताईने त्या दिवशी मला मांडे करून वाढले.

थोड्या दिवसांनी दाजी दुकानासमोर गाडी उभी करून पाणी प्यायला उतरले, तेव्हा मला ते दिसलं. ड्रायव्हरच्या सीटवर पट्टा बांधलेला होता, पण रिकाम्या सीटला. नाड्या बांधायच्या नाहीत म्हटल्यावर कव्हर घसरायला लागलं होतं, म्हणून पट्टा त्याच्यावरून नेऊन कायमचा अडकवून टाकला होता. दाजी त्याच्या पुढे बसायचे. कव्हर ताठ राहायचं, आणि पट्टा बांधा म्हणून गाडी जी टणटण करायची तीही बंद झाली होती.

मी रस्त्यातच बोंबललो. गाडीला वाटतंय तुम्ही पट्ट्यात आहात, म्हटलं, ठोकली तर ती तुमच्या पाठीमागे हवा आवळेल. दाजी म्हणाले, मग बरंच की, गाडीही खूश आणि शेठही खूश. मी पट्टा सोडवला, कव्हर विस्कटलं, ते त्यांनी शांतपणे पुन्हा नीट केलं. मग खालच्या आवाजात खरं कारण सांगितलं. एकदा त्यांनी पट्टा सरळ बांधला होता. न वापरलेल्या पट्ट्यावर धूळ बसते, तिचा पांढऱ्या शर्टावर आडवा काळा पट्टा उमटला, ते शेठला आवडलं नाही. पण त्याच्याही आधी, पट्टा बांधल्याचा खटका ऐकून, मागून शेठ म्हणाले होते, "क्यों, आज ठोकने वाला है क्या?" ड्रायव्हरने पट्टा बांधणं म्हणजे अपशकुन. मालक बसलेला असताना ड्रायव्हरने आपल्याच हातांवर अविश्वास दाखवायचा म्हणजे काय?

मी तरीही वाद घालत राहिलो. दाजींनी पेला विसळून माठावर पालथा घातला.

"माले सांग," ते गावाकडच्या बोलीत म्हणाले, "पट्टा बांधू का नोकरी करू?"

पिन सरकली तर ती कशी बसवायची ते मला ठाऊक होतं. शेठच्या त्या एका वाक्याला कुठून हात घालायचा ते मस्कतलाही कुणी शिकवलं नव्हतं.

सुरतेचे पाहुणे पुढे पुन्हा पुन्हा यायला लागले. एकदा त्यांना वासोण्याच्या सफारीत सिंह बघायचे होते. शेठ गेले नाहीत, दाजींबरोबर पाहुण्यांना पाठवलं. सिंह बघून परत येताना, भर दुपारी, एका कारखान्याच्या फाटकातून मालाचा ट्रक मागेपुढे न बघता उलटा रस्त्यावर आला. पाहुण्यांना खरचटलं, एकाच्या कपाळाला टाके पडले. दाजींची छाती स्टिअरिंगवर गेली. सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत ते राहिले नव्हते. मी पोचलो तेव्हा ताई व्हरांड्यात उभी होती आणि तिच्या हाताला निळीचा रंग होता.

गाडी पोलीस चौकीच्या मागे आणून ठेवली होती. विम्याचा माणूस आला, त्याला कुणीतरी सांगितलं होतं की पट्ट्याचं काम आमलीच्या एका इलेक्ट्रिशियनने केलंय. त्याने मला बोलावलं. चांगला माणूस होता, आवाज न चढवता विचारत होता. मी दार उघडलं. सगळं झालं होतं, जसं व्हायला हवं तसंच. करंट गेला होता, बारूद उडाला होता, खटका खाली ओढला गेला होता. पट्टा सीटवर इतका आवळला होता की खाली बोट जात नव्हतं, कव्हराला त्याच्याखाली चुण्या पडल्या होत्या. त्या चुण्यांत ताईची खळ अजून कडक होती. पट्ट्यावर रक्ताचा एक थेंब नव्हता. मी त्या माणसाला म्हणालो, तुमच्या कागदावर लिहा की काम बरोबर होतं.

शेठने जबाब दिला, "मी ड्रायव्हरला रोज सांगायचो, पट्टा बांध, तो ऐकायचा नाही." रोज सांगायचो! हे शब्द मला त्या विम्यावाल्याने वाचून दाखवले, तेव्हा मी हसलो असेन, कारण त्याने चमकून बघितलं. आणि तिकडे कारखान्यात मॅनेजरने दुसरंच उठवून दिलं. आमलीवाल्याने पट्ट्याच्या वायरीला हात लावला, तेव्हापासून पट्टा बाद झाला होता, असं. करून सवरून नामानिराळं राहायचं तर दोष दोन ठिकाणी वाटून टाकावा, एक मेलेल्यावर आणि एक बाहेरच्यावर. त्यांना तो धंदा छान जमत होता.

तेराव्याला गावाकडची माणसं आली होती. जेवणं उरकली, आणि ताई सगळ्यांसमोर माझ्याकडे बघून म्हणाली की पट्टा ह्याने नीट केला असता तर हे आज बसलेले असते. माझ्या चुलत्याने नुसती मान खाली घातली. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, आवळलेला पट्टा, कव्हराच्या चुण्या, सगळं. पण ते सांगायचं म्हणजे तिला सांगायचं की तुझ्या माणसाने पट्टा स्वतःच्या हाताने पाठीमागे बांधला होता, तू धुतलेलं कव्हर घसरू नये म्हणून. मी गप्प बसलो. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, ते मला पचलं नाही. घरी येऊन मी बायकोवर ओरडलो, गिऱ्हाइकांवर ओरडलो. वड्याचं तेल वांग्यावर.

त्या दिवाळीला ताईने मला भाऊबीजेला बोलावलं नाही. पुढच्या दिवाळीलाही नाही. शेठने तिला खोलीत राहू दिलं आणि पॅकिंग खात्यात काम दिलं. खडोलीपासून आमलीपर्यंत जो तो शेठचं मन किती मोठं ते मला ऐकवायचा. कधी कधी ऐकवणाऱ्याच्या ट्रकचं वायरिंग माझ्या हातात असायचं. मी मान डोलवायचो आणि काम करायचो.

काही वर्षं अशी गेली. मग गावाकडे आई वारली, आणि आईने ताईसाठी ठेवलेलं लुगडं द्यायला मी एका दुपारी खडोलीला गेलो. ताई दाराशी धुण्याच्या दगडावर बसली होती. तिच्यापुढे पांढऱ्या कव्हरांचा ढीग होता. शेठने नवी गाडी घेतली होती, आणि तिची कव्हरं ताईकडे धुवायला यायची. पॅकिंगच्या वरचं हे काम, शेठच्या उपकारांची फेड म्हणून. बादलीत नीळ कालवलेली होती.

माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं गिळलेलं सगळं मी तिथे उभ्या उभ्या ओकलो. काम बरोबर होतं म्हणालो, बारूद उडाला होता, पट्टा आवळला होता, पण त्यात माणूस नव्हता, कव्हर होतं. दाजी त्याच्या पुढे बसले होते. आणि तू इतकी वर्षं मला खुनी ठरवलंस, आणि ज्याने पट्टा बांधू दिला नाही त्याची कव्हरं घासत बसलीस. शेजारच्या खोलीतली बाई दारात आली आणि परत आत गेली.

ताईने हातातलं कव्हर निळीत बुडवलं, वर काढलं. ती रडली नाही.

"माले पहिल्या दिवसापासून माहीत शे," ती म्हणाली. "कव्हर घसरतं म्हणून शेठ रोज बोलायचा त्यांना. पट्टा वरून लाव म्हणून मीच सांगितलं होतं."

मी लुगडं हातात धरून उभा होतो. मग तेराव्याला सगळ्यांसमोर मला का बोललीस, असं तरी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, पण तिने सांगितलं.

"शेठवर राग काढू तर राहू कुठं? त्यांच्यावर काढू तर ते गेले. माझ्यावर काढला असता तर मीही जगले नसते. तू मना भाऊ शेस, म्हणून तुझ्यावर काढला."

नळाचं पाणी वाहत होतं. ते मी बंद केलं. ताईने कव्हर उलगडलं, मोठं होतं, मागच्या सीटचं, एकटीला आवरत नव्हतं.

"ते लुगडं आत ठेव," ती म्हणाली, "आणि एक टोक धर. पिळायला दोघं लागतात."

मी लुगडं आत खुंटीवर ठेवलं, बाहेर आलो आणि टोक धरलं. ती एका बाजूला पिळत गेली, मी दुसऱ्या बाजूला, आणि निळं पाणी दोघांच्या पायांवर पडत राहिलं.